हाजिरजामीन आणि मालजामीन

मराठींत 'जामीन' हा शब्द आज सुटकेच्या अर्थानें रूढ झाला आहे. अमक्याला जामीन मिळाला असें वर्तमानपत्र छापतें आणि वाचणारा तो माणूस सुटला असें समजतो. मूळ शब्दाचा अर्थ असा नाहीं. अरबी-फारशींतून आलेला हा शब्द माणसाचा वाचक आहे; दुसऱ्यासाठीं जो हमी घेतो, त्याच्या वतीनें उत्तरदायी राहतो, तो जामीन. जुन्या दप्तरांत जामीनकतबे आढळतात, ते अशा माणसानें लिहून दिलेले असत. त्या काळच्या व्यवहारानें जामिनाचे प्रकारही नीट वेगळे ठेविले होते. अमुक इसम बोलावल्या वेळीं हजर होईल, एवढीच हमी घेणारा तो हाजिरजामीन. त्यानें देणें बुडविलें तर तें आपण भरूं अशी हमी घेणारा तो मालजामीन. आणि तो पुढें नीट वागेल, कोणास उपद्रव देणार नाहीं, अशी हमी घेणारा तो फैलजामीन.

खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीं आरोपीस मोकळें सोडावें कीं कोठडींत ठेवावें, आणि सोडण्याचे नियम आहेत त्याहून कडक करावे कीं सैल, याविषयीं देशांत अनेक वर्षें जो वाद चालला आहे, तो या तीन विस्मृत शब्दांनीं चांगला उलगडतो. न्यायालयाला मुख्यतः हाजिरजामीन हवा असतो; तें मागतें मात्र मालजामीन; आणि नियम कडक करा म्हणणाऱ्यांच्या मनांत असतो तो फैलजामीन. तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या म्हणजे वादाचे दोन्ही पक्ष बरोबर असूनही एकमेकांस समजत नाहींत.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. १८९७ च्या जुलै महिन्यांत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखालीं मुंबईस अटक झाली. खालच्या न्यायालयानें जामीन नाकारला. उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति पार्सन्स व न्यायमूर्ति रानडे यांच्यापुढें अर्ज गेला, तेथेंही तो त्या वेळीं नामंजूर झाला. ऑगस्टच्या आरंभीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें पुन्हां अर्ज आला, आणि त्यांनीं टिळकांची सुटका केली. आरोपी खटल्याच्या दिवशीं उभा राहील कीं नाहीं, हा त्यांच्या लेखीं मुख्य मुद्दा होता. आणि टिळक पळून जातील असें कोणीही म्हणूं शकत नव्हतें. टिळकांच्या बाजूनें त्या दिवशीं काम चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनीं, १९०८ सालीं, टिळकांवर पुन्हां राजद्रोहाचा खटला झाला. जामिनासाठीं बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायासनावर होते तेच दावर, आतां न्यायमूर्ति झालेले; आणि त्यांनीं जामीन नाकारला. आरोपी तोच, आरोपाचें स्वरूप तेंच, कायद्याची भाषा जवळजवळ तीच. बदलली होती ती माणसाची जागा. जामिनाच्या कायद्यांत न्यायाधीशाच्या विवेकाला केवढी मोकळीक आहे याचें यापेक्षां बोलकें उदाहरण शोधूनही सांपडणार नाहीं.

हा कायदा महाराष्ट्राच्या सर्व भागांत एकाच वेळीं आला नाहीं. पुण्यामुंबईकडे इंग्रजी अमदानींतील दंडसंहिता १८६० पासूनची. मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें संस्थानचे स्वतंत्र कायदे चालत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली, तरी भारताची दंडसंहिता व फौजदारी प्रक्रियेचा कायदा तेथें लागू व्हावयास १ एप्रिल १९५१ उजाडावा लागला. पुढें १९७३ चा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आला, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. म्हणजे मराठवाड्यांतील एखाद्या वृद्धानें एका आयुष्यांत चार फौजदारी कायदे पाहिले. जामिनाची चाल मात्र त्याच्या पाहण्यांत फारशी बदलली नसावी.

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वाटूर या गांवाचें उदाहरण घ्यावें. प्रसंग कल्पित आहे, पण त्यांतील एकही पायरी कल्पित नाहीं. तेथील एका भूमिहीन शेतमजुरावर विहिरीवरील विजेचा पंप चोरल्याचा आळ येतो. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची, पण गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे जामीन हक्कानें मिळत नाहीं, न्यायाधीशानें द्यावा तेव्हां मिळतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करूं नये, अटकेचीं कारणें लेखी नोंदवावीं, असें सर्वोच्च न्यायालयानें अर्नेशकुमार खटल्यांत २०१४ सालींच बजावलें आहे. तरीही अटक झाली असें धरूं. न्यायाधीश सहृदय आहेत. ते जामीन मंजूर करतात. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आदेश झाला, वकिलानें हात जोडले, आणि घरच्यांना वाटलें कीं माणूस सुटला.

खरी अडचण येथून सुरू होते. लायक जामीनदार म्हणजे ज्याच्या नांवावर कांहीं आहे असा माणूस. त्यानें सात-बाराचा ताजा उतारा आणावा, घरपट्टीची पावती आणावी, कोठें तहसीलदाराकडील ऐपतीचा दाखला आणावा, प्रतिज्ञापत्र करावें, आणि मजुरी वा पेरणी सोडून दिवसभर न्यायालयांत बसावें. भूमिहीनाच्या नात्यागोत्यांत सात-बारा कोणाच्या नांवावर असणार? ज्याच्या नांवावर असतो तो बहुधा त्याचा मालक. आणि क्वचित् फिर्यादीही त्याच्याच भावकींतला. त्याच्या पायऱ्या झिजवून जामीन मिळाला तरी त्या उपकाराची फेड पुढें कित्येक वर्षें कमी मजुरीनें होत राहते. जेथें तेंही जमत नाहीं तेथें जामिनाचा आदेश कागदावर राहतो आणि माणूस कोठडींत राहतो. मोठ्या शहरांच्या न्यायालयांभोंवतीं पैसे घेऊन कोणासही जामीन राहणारे धंदेवाईक लोक उभे राहिले ते याच गरजेंतून. आणि त्यांच्या हमीला किती अर्थ असतो हें न्यायालयांतील शिपायापासून सर्वांस ठाऊक असतें.

यांत गंमत अशी कीं, सात-बारा हा मालजामिनाचा कागद आहे. आरोपी न आल्यास पंधरा हजार कोठून वसूल करावे तें तो सांगतो. आरोपी येईल कीं नाहीं याविषयीं तो एक अक्षरही सांगत नाहीं. ज्याचें घर, बायकामुलें, रेशनकार्ड आणि सारी ओळख एका गांवांत आहे असा मजूर पळून जाण्याचा संभव, परदेशांत नातलग व बँकेंत शिल्लक असलेल्या धनिकापेक्षां अधिक, असें कोणी म्हणणार नाहीं. तरी कागद मजुरालाच अडवितो.

सर्वोच्च न्यायालयानें ही विसंगति फार पूर्वीं ओळखली. १९७८ सालीं मोतीराम नांवाच्या मध्यप्रदेशांतील एका गवंड्याचें प्रकरण न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्यापुढें आलें. खालच्या न्यायालयानें त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून भाऊ नाकारला होता. अय्यर यांनीं त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडावयास लाविलें. दुसऱ्याच वर्षीं बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचें हुसैनारा खातून प्रकरण गाजलें. ज्या गुन्ह्याचा आरोप त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ माणसें खटल्याविना आंत होतीं. या हकीकती वर्तमानपत्रांतून प्रथम उजेडांत आणल्या त्या के. एफ्. रुस्तमजी यांनीं, आणि ते होते नागपूरजवळच्या कामठीस जन्मलेले एक ज्येष्ठ पोलिस अधिकारी. सुधारणा म्हणजे पोलिसांविरुद्धची चळवळ अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

हुसैनारा प्रकरणाला चार दशकें उलटून गेल्यावरचे आंकडेही पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा ७५·८, कच्चे कैदी होते. तुरुंग हें शिक्षा भोगण्याचें स्थान राहिलें नसून मुख्यतः वाट पाहण्याचें स्थान झालें आहे, असाच याचा अर्थ होतो.

तथापि नियम कडक असावे म्हणणाऱ्यांची बाजू निर्दयपणाची आहे असें समजणें चुकीचें होईल. शहरांतील माणसास आरोपी सुटला तरी तो दिसत नाहीं. गांवांत तो दुसऱ्या दिवशीं त्याच पाणवठ्यावर, त्याच रस्त्यावर भेटतो. फिर्याद करणारी बाई एकटी, साक्षीदार आरोपीच्याच शेतावर राबणारे, आणि आरोपीचा गोतावळा सबंध आळीभर, अशी स्थिति असेल तेव्हां जामीन हें केवळ आरोपीचें स्वातंत्र्य राहत नाहीं, तें साक्षीदाराचें भय होतें. मराठवाड्यांत जातीय अत्याचारांच्या फिर्यादींत हा अनुभव वारंवार आला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें अटकपूर्व जामिनाची वाट बंद केली ती याच कारणानें. २०१८ च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही तरतूद सैल केली. त्यावर देशभर क्षोभ उसळला. संसदेनें त्याच वर्षीं कायद्यांत १८-अ हें कलम घातलें, आणि पुढच्या वर्षीं न्यायालयानेंही आपले ते निर्देश मागें घेतले.

याच कायद्यांत २०१६ च्या जानेवारीपासून अंमलांत आलेली आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा पुष्कळ कमी होते. वास्तविक तीच अधिक शहाणपणाची आहे. आरोपीच्या जामिनाचा विचार होण्यापूर्वीं पीडिताला सूचना मिळाली पाहिजे आणि त्याचें म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे. धोका खरा आहे कीं नाहीं, तो कोणापासून आहे, आरोपीला गांवांत येण्यास मनाई केली तर पुरेल कीं त्याला आंतच ठेवणें भाग आहे, हें ठरविण्याचा तो सरळ मार्ग आहे. फैलजामिनाचा प्रश्न फैलजामीन म्हणूनच विचारला जातो.

याच्या उलट टोंकाला महाराष्ट्राचा स्वतःचा संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा कायदा आहे, लोकांच्या तोंडीं असलेला 'मोक्का'. १९९९ चा हा कायदा मुंबईच्या टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर झाला. त्याखालीं सरकारी वकिलानें विरोध केल्यास, आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो गुन्हा करणार नाहीं, अशी खात्री झाल्यावांचून न्यायाधीशाला जामीन देतां येत नाहीं. दोषारोपपत्राची मुदतही नव्वद दिवसांवरून एकशेंऐंशीपर्यंत वाढवितां येते. साक्ष होण्यापूर्वींच निर्दोषत्वाचा अजमास करावयाचा, ही कसरत सोपी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं या अटीचा अर्थ तारतम्यानें लावावा असें सांगितलें, आणि २००८ सालीं, अन्य कोणत्याही कायद्याखालीं जामिनावर असणाऱ्यास जामीन नाकारणारे त्यांतील शब्द रद्द ठरविले. टोळीच्या म्होरक्यासाठीं असा कायदा असावा कीं नाहीं याविषयीं मतभेद होतील. पण म्होरक्याला समोर ठेवून केलेल्या कडकपणाची हवा साऱ्या फौजदारी न्यायालयांत पसरते आणि पंपचोरीच्या आरोपींतही न्यायाधीश जपून वागूं लागतो, हें मात्र खरें दुखणें आहे. जामीन नाकारल्याबद्दल कोणाही न्यायाधीशावर कधीं टीका होत नाहीं, दिल्याबद्दल होते.

२०२४ च्या संहितेनें या गुंत्यांत काय केलें? तिनें दोन्हीकडे एकेक पाऊल टाकलें. पूर्वीं, २००६ पासून, कमाल शिक्षेचा अर्धा काळ आंत काढलेल्या कच्च्या कैद्यास सोडण्याची तरतूद होती. आतां कलम ४७९ प्रमाणें ज्याला पूर्वीं कधीं शिक्षा झालेली नाहीं त्याच्यासाठीं ही मर्यादा एक तृतीयांशावर आली. फांशी वा जन्मठेपेचे गुन्हे अर्थात् वगळून. वाटूरच्या त्या मजुराला दीड वर्षाऐवजीं एक वर्षाचा हिशेब लागू होईल. जुन्या कैद्यांसही हा लाभ मिळावा असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या ऑगस्टमध्यें सांगितलें. कैद्यानें अर्ज करण्याची वाट न पाहतां तुरुंगाच्या अधीक्षकानें आपण होऊन न्यायालयास लेखी कळवावें, अशीही आज्ञा कलमांत आहे. याहून महत्त्वाची गोष्ट व्याख्यांच्या पानावर आहे. जामीनदारासह दिलेलें बंधपत्र वेगळें आणि जामीनदारावांचून दिलेला केवळ जातमुचलका वेगळा, असा भेद संहितेनें प्रथमच शब्दांत मांडला. आणि एक तृतीयांश काळ काढलेल्या प्रथम आरोपीस सोडावयाचें तें जातमुचलक्यावर, असें लिहिलें. सात-बारा तेथें लागत नाहीं. मालजामिनावर हाजिरजामिनाची ही पहिली कायदेशीर सरशी म्हणावी लागेल.

दुसरें पाऊल मात्र उलट दिशेनें पडलें आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटला चालू आहे त्याला हें कलम लागू नाहीं. ऐकावयास हें रास्त वाटतें. पण एकाच भांडणांतून मारहाण, शिवीगाळ आणि धमकी अशीं तीन कलमें लागणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि तेवढ्यावर दार बंद होऊं शकतें. फासेपारध्यासारख्या समाजांची गोष्ट तर याहून बिकट. १८७१ च्या कायद्यानें ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविलें आणि १९५२ च्या ऑगस्टमध्यें ज्यांची त्या शिक्क्यांतून सुटका झाली, त्यांच्यावरील संशय कायद्याबरोबर गेला नाहीं. चोरी झाली कीं प्रथम त्यांच्या पालावर जाण्याची वहिवाट जेथें आहे, तेथें एका माणसावर अनेक प्रकरणें असणें हें त्याच्या वर्तनाचें प्रमाण मानतां येत नाहीं. पोलिस कोठडीचे पंधरा दिवसही पूर्वीं पहिल्या पंधरवड्यांतच संपत. आतां ते गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणें पहिल्या चाळीस वा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनीं घेतां येतात. पहिल्या पंधरा दिवसांपलीकडील कोठडी हवी एवढ्याच कारणावर जामीन नाकारूं नये, असें संहितेंत लिहिलें आहे खरें. तें कितपत पाळलें जातें त्यावर या बदलाचा गुणदोष अवलंबून राहील.

कायद्याच्या बाहेरही कांहीं उपाय झाले आहेत. ३१ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जामीन मंजूर होऊनही आंत राहणाऱ्यांसाठीं निर्देश दिले: आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं कैद्यास मिळावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंगानें जिल्हा विधिसेवा प्राधिकरणास कळवावें, महिन्याभरांत बंधपत्र न आल्यास न्यायालयानें आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदारच हवा असा हट्ट धरूं नये. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांना साहाय्य देण्याची योजना काढली, तींत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं चाळीस हजारांपर्यंत रक्कम देण्याची सोय तेव्हां ठेविली होती. हेतु उत्तम, पण योजनेचा विचार अजून मालजामिनाचाच आहे. ज्या गरिबाकडे पैसे मागणें गैर, त्याच्या वतीनें सरकारनें सरकारालाच पैसे भरावे, असा हा द्राविडी प्राणायाम झाला.

इंग्लंडनें हा वळसा टाळला. तेथील १९७६ च्या कायद्यानें सुटका हा नियम व कोठडी हा अपवाद ठरविला, आरोपीकडून स्वतःच्या हजेरीसाठीं पैशाचा मुचलका घेणें बंद केलें, आणि त्याऐवजीं तारखेस न येणें हाच स्वतंत्र गुन्हा केला. अमेरिकेंत इलिनॉय राज्यानें २०२३ च्या सप्टेंबरमध्यें रोख जामिनाची पद्धति साफ काढून टाकली. न्यूयॉर्कनें २०१९ सालीं ती बरीच आंवळली आणि नंतर लोकमताच्या दडपणाखालीं तीन वेळां कायदा पुन्हां कडक केला. भारतांत जामिनावर सुटून हजर न राहणें हा २००६ पासून गुन्हाच आहे, एक वर्षाच्या शिक्षेचा. म्हणजे हाजिरजामिनाचें साधन हातीं असून त्यावर मालजामिनाचें ओझें चढविलेलें आहे.

राहतां राहिला प्रश्न हजेरीचा. मजूर तारखा चुकवितात हें खोटें नाहीं, आणि त्याचें कारण जालना-बीडकडच्या माणसास सांगावें लागत नाहीं. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें बैलगाड्या व ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकच्या उसाच्या फडांत जातात. गळीत हंगाम संपेतों परत येत नाहींत. उचल घेतलेल्या माणसास मुकादम एका दिवसासाठीं सोडीत नाहीं, आणि सोडलें तरी कोल्हापूर भागांतून तालुक्याच्या न्यायालयांत येऊन जाण्यास दोनतीन दिवसांची मजुरी बुडते. तारीख जानेवारींत पडते, आरोपी येत नाहीं, अजामीनपात्र वॉरंट निघतें, आणि उन्हाळ्यांत गांवीं परतलेला माणूस पळपुटा म्हणून पुन्हां आंत जातो. या वेळीं त्याच्या जामिनाला विरोध करावयास सरकारी वकिलाजवळ लेखी पुरावा असतो. नव्या संहितेनें न्यायालयाचें कामकाज दूरध्वनिचित्राच्या साधनांनीं चालविण्यास मोकळीक दिली आहे. साध्या तारखेची हजेरी कारखान्याच्या तालुक्यांतील न्यायालयांतून तिच्या साहाय्यानें घेतां येईल. तेंही अवघड वाटल्यास याहून सोपा उपाय न्यायाधीशाच्या समोरच्या रोजनाम्यांत आहे: आरोपी ऊसतोडीला जातो कीं नाहीं हें जामीन देतांनाच विचारून ठेवावें, आणि साक्षीची तारीख गुढीपाडव्यानंतरची द्यावी.